सात भाऊ, पण बहीण नाही

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. ओवाळण्या झाल्या होत्या, जेवणे आटोपली होती, आणि राहुरीकडच्या आमच्या जुन्या घराची ओसरी लवंडलेल्या माणसांनी भरून गेली होती. शेवटचे दोन अनारसे कोणाच्या वाट्याचे, ह्यावर नातवंडांची वाटाघाट चालू होती. थोरला म्हणाला, "आज बाबांच्या आवडीचा सिनेमा लावू." मी क्षणाचाही विलंब न लावता नाव सांगितले: 'सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स'. सात भावांसाठी सात नवऱ्या. भाऊबीजेला एक नव्हे, दोन नव्हे, सात भाऊ! ह्याहून मुहूर्ताचा चित्रपट कुठला मिळणार?

पहिला तासभर मंडळी खूश होती. नाच सुरू झाला तेव्हा तर लोडाला टेकून पेंगणारे आमचे जावईबापूही उठून बसले. पुढे ते सहा धाकटे भाऊ रात्रीच्या अंधारात गावात शिरतात आणि सहा मुलींना घोंगड्यांत गुंडाळून उचलून नेतात. तिथेही मुले हसली. पण पुण्याला नोकरी करणारी माझी नात हसली नाही. तिच्यासाठी त्या सुमारास स्थळे पाहणे चालू होते, हेही सांगून ठेवतो. ती पडद्याकडे बघतच म्हणाली, "आजोबा, ह्या मुलींना कोणी विचारलं का हो?"

कोणीच काही बोलले नाही. तिच्या आजीने सुपारी कातरता कातरता अडकित्ता मिटला आणि ती चहा टाकायला आत गेली.

ह्या चित्रपटावर माझे जवळजवळ साठ वर्षांचे प्रेम आहे, आणि इतक्या वर्षांत हा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नव्हता. प्रेम करावे आणि चौकशी करू नये, असे चित्रपटांच्या बाबतीत आपण सारेच करतो. नातीने चौकशी लावली. आता ती पुरी केलीच पाहिजे.

मी तो प्रथम पाहिला 1968 साली. तेव्हा मी नगरला शिकत होतो. आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, पण माझ्या जिभेवरचे नगर काही जात नाही. नगर हे लष्कराचे ठाणे. भिंगारच्या बाजूला छावणी, रणगाड्यांच्या फौजेचे केंद्र, त्यामुळे एरवी आमच्यासारख्या खेडवळ पोरांच्या दृष्टीस न पडणारे इंग्रजी चित्रपट रविवारी सकाळच्या खेळाला येत. फीत जुनी, ओरखड्यांनी भरलेली. मधूनच आवाज जाई, मग पिटातून शिट्ट्या. संवाद रुपयात चार आणेसुद्धा कळत नसत. पण हा चित्रपट कळायला इंग्रजी लागत नव्हते. माणसे कुऱ्हाडीने लाकूड फोडत, करवत ओढत, एकमेकांच्या मानगुटीवर बसत, आणि हे सारे करता करता नाचत. आम्ही तीन मित्र त्यानंतर आठवडाभर वसतिगृहाच्या कठड्यावरून तोल सावरत चालायचा सराव करीत होतो. त्यातला एक पडला. हात मोडला नाही एवढेच.

विनोदाशी नगरचे नाते तसे जुनेच. इंग्रजांच्या नभोवाणीवरील विनोदाला ज्याने वेडेपणाची नवी वाट दाखवली तो स्पाइक मिलिगन 1918 च्या एप्रिलमध्ये इथे जन्मला. बाप गोऱ्या फौजेत होता. त्याच महिन्यात, त्याच गावात शाहू मोडकांचाही जन्म झाला, जे पुढे पडद्यावरचे कृष्ण म्हणून घरोघर पोचले. एकाच गावाने एकाच महिन्यात एक विदूषक आणि एक कृष्ण जगाला दिला. हे उगाच सांगत नाही. ह्या प्रकरणात कृष्णाची साक्ष पुढे काढावी लागणार आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. 1850 सालचा अमेरिकेतला ऑरेगॉन प्रांत. डोंगरात पॉन्टिपी नावाचे सात भाऊ एकटे राहतात. आईने बायबलातली नावे मुळाक्षरांच्या क्रमाने ठेवलेली: ॲडम, बेंजामिन, केलेब, डॅनियल, एफ्राइम, मग फ्रँक आणि गिडियन. 'एफ'ला बायबलात नाव सापडेना, म्हणून त्या माउलीने फ्रँकिन्सेन्स, म्हणजे चक्क 'ऊद', असे नाव ठेवून वेळ मारून नेली. थोरला ॲडम गावात येतो तो बाजार करायला आणि बायको करायला, दोन्ही कामे एकाच फेरीत. खाणावळीत राबणारी मिली त्याला दिसते. तिच्या हातची रस्साभाजी खाऊन तो तिथल्या तिथे मागणी घालतो आणि तीही हो म्हणते. डोंगरात पोचल्यावर तिला कळते की घरात आणखी सहा दीर आहेत, आणि सातहीजण जनावरासारखे जेवतात. मिली काय करते? पहिल्या जेवणालाच आख्खे टेबल उलथून टाकते. नवऱ्याला त्या रात्री खिडकीबाहेरच्या झाडावर जावे लागते. दुसऱ्या दिवसापासून ती दिरांना आंघोळ, दाढी, बसण्या-उठण्याची रीत, मुलीशी बोलावे कसे, नाचावे कसे, सारे शिकवते. मग गावच्या समारंभात ह्या सहाजणांची सहा मुलींवर नजर जाते, गावच्या पोरांशी हाणामारी होते, आणि हिवाळ्याच्या तोंडावर भाऊ घरी येऊन झुरत बसतात. तेव्हा ॲडम त्यांना रोमन लोकांची गोष्ट सांगतो. रोमनांनी काय केले? पळवून आणल्या. भाऊ तसेच करतात. वाटेत खिंडीत हिमाचा कडा कोसळतो आणि वसंतापर्यंत रस्ता बंद होतो. लग्न लावणारा पाद्री मात्र आणायचा राहून जातो!

आता ह्या गोष्टीचे कूळ पाहू. चित्रपट 1954 चा, दिग्दर्शक स्टॅन्ले डोनन, ज्याने दोन वर्षे आधी जीन केलीबरोबर 'सिंगिंग इन द रेन' केला होता. कथा मात्र स्टीफन व्हिन्सेंट बेने ह्या अमेरिकन कवी-कथाकाराची. ती त्याच्या 1937 च्या 'थर्टीन ओ'क्लॉक' ह्या संग्रहात आहे आणि तिच्या नावातच खोडी आहे. रोमनांनी पळवलेल्या स्त्रिया सबाइन जमातीच्या. त्या 'सबाइन'चे अडाणी अमेरिकन तोंडात झाले 'सॉबिन', म्हणजे हुंदके देणाऱ्या. बेनेच्या मागे उभा आहे प्लुटार्क. चित्रपटातली मिली माहेरून दोनच पुस्तके आणते, एक बायबल आणि दुसरे प्लुटार्कची चरित्रे. तिने घर सुधारायला आणलेल्या पुस्तकातूनच नवऱ्याने घर बिघडवायची युक्ती काढावी, ह्यातला काटा पटकथाकारांनी फार हळुवारपणे रोवला आहे.

प्लुटार्क सांगतो ती गोष्ट अशी. रोम्युलसने शहर वसवले, पण शहरात बायका नाहीत. त्याने शेजाऱ्यांना उत्सवाला बोलावले आणि ऐन उत्सवात अंगावरच्या वस्त्राची खूण करताच त्याच्या माणसांनी मुली उचलल्या. मग सबाइन लोक सैन्य घेऊन चालून आले. लढाई रंगात आली असताना त्याच पळवलेल्या मुली, आता लेकुरवाळ्या झालेल्या, केस मोकळे सोडून दोन्ही सैन्यांच्या मध्ये धावल्या आणि त्यांनी बाप आणि नवरे ह्यांना थांबवले. नवरी सासरचा उंबरा स्वतःच्या पायाने ओलांडत नाही, तिला उचलून आत नेतात, ही रोमन चाल त्या दिवसापासूनची, असेही तो म्हणतो. हे वाचले तेव्हा मला आमच्या उंबऱ्यावरचे माप आठवले. आपली नवरी ते स्वतःच्या पायाने लवंडून आत येते. पाय तिचाच असतो, एवढे तरी.

तर मूळ गोष्टीत विनोद नावालाही नाही. तीत युद्ध आहे, रडे आहे. मग एवढ्या गंभीर गोष्टीचा हसरा नाचता-गाता खेळ झाला कसा? ह्याचे उत्तर ज्याच्यापाशी आहे तो मायकेल किड, चित्रपटाचा नृत्ययोजक. त्याला आधी हे काम घ्यायचेच नव्हते. रानात राहणारे, शाळेचे तोंड न पाहिलेले गडी उठून नाचू लागले तर लोक हसतील, असे त्याचे म्हणणे. आणि ते खरेच होते. ह्या आक्षेपातूनच त्याने वाट काढली. त्याचे भाऊ नाचायला म्हणून नाचत नाहीत. ते कामाला लागतात आणि कामातून नाच फुटतो. पडलेली फळी, ओंडका, घोडी, कुऱ्हाड, हे त्यांचे साहित्य.

गावच्या समारंभातले कोठार-उभारणीचे दृश्य ज्यासाठी हा चित्रपट जगभर ओळखला जातो, ते समजायला आपल्याला परदेशी जायची गरज नाही. आपल्याकडे इर्जिक होते. एकाच्या शेतात गावच्या साऱ्या बैलजोड्या एके दिवशी जुंपायच्या, मजुरी नाही, संध्याकाळी मालकाने जेवण घालायचे. माझ्या लहानपणी मी इर्जिक पाहिले आहे. कुणाची जोडी पुढे जाते ह्याची चुरस, बांधावरून आरोळ्या, आणि घुगऱ्यांच्या पाट्या घेऊन आलेल्या मुलींच्या देखत नांगरधाऱ्यांचा उगाचच ताठ झालेला कणा! ऑरेगॉनच्या कोठार-उभारणीत नेमके हेच आहे. शेजाऱ्याचे कोठार सगळ्यांनी मिळून उभे करायचे, आधी खाणे आणि नाच, मग कामाची शर्यत. एकीकडे गावची व्यवस्थित, करड्या कपड्यांतली पोरे, दुसरीकडे रंगीत सदऱ्यांतले सहा भाऊ. मुली आधी गावच्या पोरांबरोबर असतात. मग भाऊ त्यांना एका वेढ्यात आपल्याकडे ओढतात, पोरे परत ओढतात, मुलींची अशी दोरीखेच चालते. हळूहळू एक गोष्ट घडते, जी मला 1968 साली दिसली नव्हती: मुली स्वतःहून वळू लागतात. हात सुटतो तेव्हा त्या कोणत्या बाजूला झुकतात ते पाहा. शेवटी भाऊ फळीवर उड्या मारीत असतात तेव्हा मुली गावच्या पोरांकडे पाहतही नाहीत.

थोडा कारखान्याचा तपशीलही सांगावासा वाटतो, कारण तो गमतीचा आहे. सहा भावांपैकी काही अस्सल नर्तक होते; एक तर न्यूयॉर्क सिटी बॅलेमधून आणलेला. गिडियन झालेला रस टॅम्ब्लिन कसरतपटू. पण बेंजामिन झालेला जेफ रिचर्ड्स हा मूळचा बेसबॉल खेळाडू, त्याला नाचता येत नव्हते; म्हणून नाचात तो कडेला असतो. त्याची जोडीदारीण ज्युली न्यूमार उत्तम नर्तकी, पण तो कडेला म्हणून बिचारी तीही कडेला. (लग्नाच्या बाजारात ह्या प्रकाराला काही नवीन नाही.) चित्रपटाचे पैसेही कापले गेले होते. त्याच वर्षी मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीचा जीव 'ब्रिगाडून' ह्या दुसऱ्या संगीतपटावर जडलेला होता, म्हणून इथले डोंगर पडद्यावर रंगवलेले आहेत, आणि ते तसे दिसतातही. 'ब्रिगाडून' आज कोणाच्या लक्षात आहे? रंगवलेल्या डोंगरांपुढे नाचलेली ही पोरे मात्र अजून नाचत आहेत. संगीत-संयोजनाचे ऑस्कर त्याला मिळाले, आणि 2004 साली अमेरिकेने जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या राष्ट्रीय यादीत त्याची नोंद केली.

तर नातीच्या प्रश्नाला माझे पहिले उत्तर तयार झाले. तोंडाने विचारले नाही हे खरे, पण नाचात विचारले गेले आणि नाचात उत्तर मिळाले. पळवापळवी त्यानंतरची आहे. चित्रपटाने संमती पायांत ठेवली, शब्दांत नाही. संगीतिकेची भाषाच ती. हे उत्तर मला फार आवडले. मी ते लगेच पुण्याला फोन करून ऐकवले.

ती ऐकून घेऊन म्हणाली, "आजोबा, एखाद्याबरोबर नाचणं म्हणजे त्याला हो म्हणणं नव्हे."

फोन ठेवून मी बराच वेळ अंगणात बसलो. समीक्षकाचा एवढा सुबक सिद्धांत एका वाक्यात कोसळावा, हे चांगले नाही. पण कोसळला खरा. चित्रपटातल्या त्या कोठारासारखाच! तेही हाणामारीत शेवटी कोसळतेच.

तेव्हा मी आपल्या घरची साक्ष काढायचे ठरवले. मुलगी पळवून नेण्याच्या गोष्टीची हसरी संगीतिका मराठीनेही केली आहे, आणि हॉलिवुडच्या सत्तर वर्षे आधी. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत सौभद्र', 1882. महाभारतातले मूळ कथानक पाहिले तर ते रोमनांच्या फार जवळ आहे. रैवतकाच्या उत्सवात अर्जुनाला सुभद्रा दिसते. कृष्ण त्याला म्हणतो की स्वयंवरात मुलीच्या मनाचा भरवसा काय. क्षत्रियाने बळाने न्यावे हे बरे. आणि अर्जुन तिला रथात घालून नेतो. म्हणजे मुलीचे मन विचारण्याचा मुद्दा निघतो, तो ते टाळावे कसे म्हणून! तिथेही उत्सव, इथेही उत्सव. रोम्युलसने वस्त्राची खूण केली, द्वारकेत कृष्णाने सल्ला दिला.

किर्लोस्करांनी काय केले? त्यांनी सुभद्रेला आधीच अर्जुनाच्या प्रेमात पाडले. बलराम तिला दुर्योधनाला द्यायला निघाला आहे, आणि ती तळमळते आहे. आता हरण हा तिच्यावरचा अन्याय उरला नाही, ती तिची सुटका झाली. घटोत्कच, संन्याशाचे सोंग, कृष्णाच्या कोलांट्या हे सारे मग आपण मनमोकळेपणाने हसत पाहू शकतो, कारण आपल्याला माहीत असते की तिला हेच हवे आहे. आणि कसे माहीत असते? ती गाऊन सांगते. तिचे दुःख, तिचा संशय, तिची वाट पाहणे, सारे तिच्याच पदांत आहे. ते पद त्या काळी भाऊराव कोल्हटकरांच्या, म्हणजे पुरुषाच्याच, गळ्यातून निघत होते हे खरे. पण शब्द सुभद्रेचे होते.

हा काटा हाती घेऊन मी 'सेव्हन ब्राइड्स' पुन्हा तोलला, ह्या वेळी एकट्याने. जीन डी पॉलच्या चाली आणि जॉनी मर्सरची गीते आहेत. रडणाऱ्या सबाइन बायकांचे गाणे कोण गाते? ॲडम आणि त्याचे भाऊ. बायकांच्या हुंदक्यांवर पुरुषांनी म्हटलेले ते खुशालचेंडू गाणे आहे, आणि खरे सांगायचे तर त्याची चाल इतकी झकास आहे की पाय आपोआप ठेका धरतो. तिथेच फसगत होते. विरहाचे गाणेही भावांचेच: बर्फात, अतिशय संथ लयीत, करवत आणि कुऱ्हाड चालवत. चित्रपटातला तो सर्वांत सुंदर तुकडा आहे असे मी आजही म्हणेन. मुलींना गाणे मिळते ते पळवून आणल्यानंतर, कोंडल्या हिवाळ्यात, आणि ते असते जूनमधल्या नवरीचे. त्या घरच्या आठवणीने आधी रडतात, मग चिडून भावांवर बर्फाचे गोळे फेकतात, मग कंटाळतात, मग लग्नाची स्वप्ने पाहतात. हा मधला प्रवास चित्रपट घाईघाईने उरकतो. सहा मुलींपैकी एकीलाही आपले स्वतःचे, एकटीचे गाणे नाही. किर्लोस्करांनी जी जागा सर्वांत आधी भरली, ती हॉलिवुडने रिकामी ठेवली आणि तीत नाच बसवला. नातीचे बोट नेमके त्या रिकाम्या जागेवर पडले होते.

मिलीचे मात्र वेगळे आहे. तिला गाणी आहेत, आणि मुख्य म्हणजे राग आहे. मुली आणल्याचे पाहताच ती भावांना घराबाहेर काढून गोठ्यात झोपायला पाठवते आणि मुलींना घरात घेते. नवऱ्याला ती इतके सुनावते की तो घर सोडून डोंगरावरच्या शिकारीच्या खोपटात हिवाळा काढायला निघून जातो. ह्या जागी जेन पॉवेल नुसती गोड गाणारी नटी राहत नाही. चित्रपटात नातीचा प्रश्न विचारणारे एक माणूस आहे, आणि ते माणूस मिली आहे. 1968 साली माझे सारे लक्ष हॉवर्ड कीलच्या भारदस्त आवाजाकडे. तिचा राग मला कथानकातला अडथळा वाटला होता.

ही गोष्ट पुढे आपल्याकडेही आली. 1982 सालचा राज सिप्पींचा 'सत्ते पे सत्ता' पुष्कळांनी पाहिला असेल. तिथे मुळाक्षरांच्या जागी वार आले: रवी, सोम, मंगळ असे करत शनीपर्यंत. ही कल्पना मूळ कल्पनेइतकीच चतुर आहे. हेमा मालिनीच्या इंदूलाही सहा दिरांची कल्पना दिलेली नसते. पण 'भाभी' ह्या शब्दाला आपल्याकडे जे वजन आहे ते मिलीला तिच्या भाषेने दिलेले नव्हते, म्हणून दिरांना वठणीवर आणणारा भाग इथे अधिक घरगुती, अधिक हसरा झाला आहे. उत्तरार्धात मात्र चित्रपट खुनाच्या कटाकडे आणि अमिताभच्या दुहेरी भूमिकेकडे वळतो. राहुल देव बर्मननी त्या दुसऱ्या अमिताभच्या प्रवेशाला गुळण्या केल्याचा आवाज वापरला आहे, तो ऐकून अंगावर काटा येतो. पण त्या गडबडीत पळवून आणलेल्या मुलींचे मन हा विषयच हरवतो.

त्यातला सर्वांत धाकटा शनी होता सचिन, राजा परांजप्यांच्या 'हा माझा मार्ग एकला'मधला गुणी बालनट. त्यानेच 2008 साली 'आम्ही सातपुते' दिग्दर्शित करून ती गोष्ट मराठीत आणली. नाव किती सहज सापडले पाहा! आमच्या जिल्ह्यातही सातपुत्यांची घरे आहेत. त्या आडनावात प्लुटार्क दडून बसला असेल असे त्यांना स्वप्नातही वाटले नसेल. चित्रपटाविषयी मी अधिक लिहीत नाही. हसवण्याची हौस त्यात आहे, पण नाचाला जिथे शेतातल्या कामाचा वास हवा होता तिथे तो आला नाही, आणि आपल्या लोकांना इर्जिक माहीत असताना तो यायला हरकत नव्हती.

मराठी कहाण्यांत आणि ओव्यांत सात भाऊ पुष्कळदा येतात, आणि त्यांच्याबरोबर बहुधा एक बहीण असते. सात भावांची एकुलती बहीण. भावजया तिला छळतात, भाऊ दूर देशी गेलेले असतात, शेवटी परत येऊन तिचे अश्रू पुसतात. आपल्या गोष्टीत बहीण आहे म्हणून सातांना शहाणपण आहे. पॉन्टिपींच्या घरात बहीण नाही, आई मेलेली. मुलगी घरातून गेली म्हणजे मागे काय राहते, हे त्या सातांनी पाहिलेलेच नाही. भाऊबीजेच्या दिवशी हा चित्रपट लावताना मला सात भाऊ दिसले. त्यांना ओवाळणारी कोणी नाही हे दिसले नाही.

आणि पटकथाकारांना ते दिसले होते असे मला आता ठामपणे वाटते. कारण मिली प्रसूत होते आणि होते ती मुलगी. वर खोपटात बसलेल्या ॲडमला धाकटा गिडियन ही बातमी सांगायला जातो. ॲडम वसंतात खाली येतो तेव्हा बदललेला असतो. आपल्या मुलीला असे कोणी उचलून नेले असते तर आपण काय केले असते, हा विचार बाप झाल्यावर त्याला सुचतो, आणि मुलींना परत पोचवायचे तो ठरवतो. गाणे नाही, नाच नाही, कीलच्या त्या मोठ्या आवाजातली चार साधी वाक्ये. इतक्या गोंगाटाच्या चित्रपटात ही जागा किती शांत आहे! कमीपणा एवढाच की मुलींचे दुःख त्याला कळते ते बापाच्या वाटेने. मुलगी आपली झाली तेव्हा कळले. परक्याची होती तोवर नाही. माझे तरी ह्याहून वेगळे काय झाले? प्रश्न नातीने विचारला म्हणून साठ वर्षांनी ऐकू आला.

शेवट सर्वांना ठाऊक आहे. मुली परत जायला तयार नसतात. बाप बंदुका घेऊन येतात. बाळाचा रडण्याचा आवाज ऐकून विचारतात, मूल कोणाचे? आणि सहाही मुली एका आवाजात म्हणतात, माझे. प्लुटार्कच्या त्या बायका मुले घेऊन सैन्यांच्या मध्ये उभ्या राहिल्या होत्या. ह्या सहाजणी एका उसन्या बाळावर लढाई थांबवतात. पहिल्यांदाच त्यांना काही विचारले जाते, आणि पहिल्याच संधीला त्या खोटे बोलून आपल्याला हवे ते मिळवतात. भाऊबीजेला त्या जागी ओसरीवर हशा पिकला, आणि नातही हसली. तिचा प्रश्न मिटला नव्हता, पण ती हसली.

हे लिहून झाल्यावर मी बायकोला वाचून दाखवले. ती 1975 साली शेवगावहून आमच्या घरी आली. दोन दीर आहेत असे तिच्या माहेरी सांगितले होते, निघाले पाच. मी विचारले, "तुला तेव्हा कोणी विचारलं होतं का गं?"

"विचारलं की," ती म्हणाली. "तुमच्या आईंनी विचारलं, बाजरीची भाकरी थापता येते का."

"आणि मी?"

"तुम्ही? अहो, तुम्ही मान खाली घालून पोहे खात होता. दोन वेळा घेतले."